आधी काय, मग कोण

सांगलीहून एका वाचक भगिनींनी लिहिले आहे :

“माझी मुलगी सात वर्षांची आहे, दुसरीत शिकते. दोन महिन्यांपूर्वी आधार केंद्रावर तिच्या दहाही बोटांचे ठसे घेतले, तेव्हापासून तिला ठशांचे वेड लागले आहे. त्यात संध्याकाळी आजोबांसोबत बसून ती गुन्ह्यांच्या तपासाची मालिका पाहते, आणि घरात आता रोज एक ‘केस’ चालू असते. तिची जिज्ञासा मला मोडायची नाही, पण दोन गोष्टींनी मी अस्वस्थ आहे. तिच्या खेळात सतत खून आणि प्रेत असते. शिवाय मागच्या आठवड्यात तिचा खोडरबर हरवला, तेव्हा आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींकडे बोट दाखवून ती म्हणाली, ‘यांचे ठसे घ्या.’ खोडरबर नंतर तिच्याच दप्तरात सापडला. मावशी हसून कामाला लागल्या, मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. या वयाच्या मुलीला घरच्या घरी, भीती न वाटता करता येतील असे तपासविज्ञानाचे खेळ कोणते? सासूबाईंचे ठसे रेशन दुकानातील यंत्रावर उमटत नाहीत, त्यामुळे ‘आजीला ठसेच नाहीत का?’ असे ती विचारते. तिला काय सांगावे? आणि दुकानात मिळणारे ‘डिटेक्टिव्ह किट’ घ्यावे का?”

ताई, मावशींची गोष्ट मी सर्वांत आधी घेतो, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरेही तिच्यातूनच निघतात. मावशी हसून कामाला लागल्या, याचा अर्थ त्यांना काही वाटले नाही असा होत नाही. ज्यांची रोजीरोटी दुसऱ्याच्या घरातील विश्वासावर चालते, त्यांना अशा वेळी हसण्याखेरीज दुसरे काही करता येत नाही. म्हणून मुलीने स्वतः, तुम्ही शेजारी उभ्या असताना, “मावशी, खोडरबर माझ्याच दप्तरात होता, मी उगाच तुमचे नाव घेतले” एवढे म्हणावे. तिच्या वतीने तुम्ही माफी मागू नये. आणि त्यासाठी तिला रागावूही नये, कारण ती दुष्टपणाने वागलेली नाही. तिने मोठ्यांचे पाहिले तेच केले. घरात एखादी वस्तू सापडेनाशी झाली की पहिला संशय कोणावर जातो, हे आपल्या मुलांना आपण न शिकवताच कळलेले असते.

तिची चूक क्रमाची आहे. तिने आधी माणूस निवडला आणि नंतर पुरावा मागितला. तपासाचा क्रम नेमका उलटा असतो: काय घडले, कुठे घडले, कशावर काय खूण राहिली, हे सगळे झाल्यावर शेवटी ‘कोण’ हा प्रश्न येतो, आणि पुष्कळदा तो येतही नाही.

यासंबंधी एक खरी हकिगत तुम्ही स्वतःसाठी वाचून ठेवा. मुलीला ती आणखी काही वर्षांनी सांगता येईल. बोटांच्या ठशांची नोंद ठेवणारे जगातील पहिले कार्यालय १८९७ साली कोलकात्यात सुरू झाले. त्याच सुमारास बंगालमधील जलपायगुडी येथे चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला आणि त्याची पेटी फोडली गेली. ज्यांच्यावर प्रथम संशय आला त्यांत घरचा स्वयंपाकी होता, कारण त्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते. मालकाच्या जेवणासाठी कबुतर मारले होते, असे तो सांगत होता आणि ते खरे निघाले. पेटीत एक बंगाली पंचांग सापडले, त्यावर तपकिरी रंगाचा पुसटसा ठसा होता, आणि तो पूर्वी चोरीसाठी शिक्षा भोगलेल्या एका माणसाच्या, कोलकात्यात नोंदवून ठेवलेल्या उजव्या अंगठ्याच्या ठशाशी जुळला. १८९८ साली न्यायालयाने त्या माणसाला चोरीसाठी दोषी धरले, खुनासाठी मात्र धरले नाही, कारण अंगठ्याचा ठसा एवढेच सांगत होता की या माणसाचा हात पंचांगाला लागला होता. त्यापुढचे ठसा सांगू शकत नव्हता. स्वयंपाक्याची सुटका आणि न्यायालयाने निष्कर्षाला घातलेली मर्यादा, या दोन्ही गोष्टी मला चोर पकडला गेल्यापेक्षा मोलाच्या वाटतात. मुलीच्या खेळात नेमके हेच आणायचे आहे.

खेळांची सुरुवात ठशांपासूनच करावी, कारण तिचे मन तिथे गुंतलेले आहे आणि सामानही घरात असते. मऊ शिशाच्या पेन्सिलीने कागदावर रुपयाच्या नाण्याएवढा गडद काळा ठिपका घासून तयार करावा, त्यावर बोटाचे पेर अलगद फिरवावे, मग त्या काळ्या झालेल्या पेरावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती सोलून काढावी आणि पांढऱ्या कागदावर चिकटवावी. शाईच्या पॅडपेक्षा हा ठसा अधिक स्वच्छ येतो, भिंतीही काळ्या होत नाहीत. प्रत्येकाच्या दहा बोटांसाठी दहा चौकोन आखलेला एक कागद करावा: उजवा अंगठा पहिला, उजवी करंगळी पाचवी, डावा अंगठा सहावा आणि डावी करंगळी दहावी. नोंदवहीत बोटांचा हाच क्रम पूर्वापार चालत आलेला आहे.

आता भिंग घेऊन रेषांचे आकार ओळखायचे. तुमच्या सासूबाईंना यातले निम्मे आधीच माहीत असेल, कारण बोटांवरची चक्रे मोजणे हा आपल्याकडचा जुना खेळ आहे. (त्यावरून नशीब सांगण्याला आधार नाही, एवढे मात्र मुलीला स्पष्ट सांगावे.) रेषा गोल फिरून स्वतःभोवती बंद झाल्या तर चक्र, एका बाजूने आत शिरून, वळसा घेऊन त्याच बाजूने बाहेर पडल्या तर शंख, आणि एका बाजूने येऊन मध्ये थोड्या उंचावून दुसऱ्या बाजूने निघून गेल्या तर कमान. साधारणपणे शंभर ठशांमध्ये साठ ते पासष्ट शंख, तीस ते पस्तीस चक्रे आणि पाचच्या आसपास कमानी असतात. तुमच्या घरी पाच माणसे आहेत असे धरले तर पन्नास ठसे मिळतील, आणि त्यांत कमानी दोन-तीनच असाव्यात. पाच माणसांत हे प्रमाण बरेच हलू शकते, त्यामुळे तुमच्या घरात एकही कमान नसली किंवा आठ असल्या तरी मोजणीत चूक झाली असे समजू नये. मुलीने आधी अंदाज सांगावा आणि मग मोजावे. दुसरीतल्या मुलीसाठी हे उत्तम गणित आहे.

याच्या पुढची पायरी मला फार आवडते, आणि ती आपल्या देशात तयार झाली आहे. कोलकात्याच्या त्या कार्यालयापुढे अडचण अशी होती की हजारो माणसांच्या कागदांमधून हवा तो कागद काढायचा कसा. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी या कामाचे गणित बसवले. पद्धतीला नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे मिळाले. युक्ती अशी की प्रत्येक बोटाला एकच प्रश्न विचारायचा: येथे चक्र आहे की नाही? एका बोटाची दोन उत्तरे, दोन बोटांची मिळून चार, तीन बोटांची आठ, आणि असे दुप्पट करत गेल्यास दहा बोटांची १,०२४. म्हणजे कपाटाला १,०२४ कप्पे केले, तर हवा तो कागद कोणत्या कप्प्यात शोधायचा हे दहा प्रश्नांत कळते. मुलीने प्रत्येकाच्या कागदावर चक्र असलेल्या बोटासाठी वर्तुळ आणि नसलेल्या बोटासाठी आडवी रेघ काढावी. दहा खुणांची ती ओळ म्हणजे त्या माणसाचा कप्पा. घरातील दोघांची ओळ सारखी आली तर ते दोघे एकाच कप्प्यातले झाले, एकच नव्हेत, हे तिला आपोआप उमगेल. दुप्पट करत जाण्याचा हा हिशेब तिला सोसेल तेवढाच सांगावा. आठ किंवा सोळापर्यंत पोहोचली तरी पुष्कळ झाले.

मग न दिसणारे ठसे. एक स्वच्छ काचेचा पेला घ्यावा. ज्याचा ठसा हवा आहे त्याने बोट कपाळावर किंवा नाकाच्या कडेला घासून, म्हणजे थोडे तेलकट करून, काचेवर स्थिर दाबावे. मऊ कुंचला कोको पावडरीत किंवा बारीक, कोरड्या हळदीत जेमतेम बुडवावा, झटकावा आणि ठशाच्या जागेवरून पिसासारखा फिरवावा. जोर दिला की ठसा पुसला जातो, आणि पहिले तीन-चार ठसे असे वाया जातीलच. ठसा दिसू लागल्यावर त्यावर चिकटपट्टी लावून तो उचलायचा. पूड तोंडाने फुंकायची नाही आणि डबा नाकाजवळ न्यायचा नाही. घरात कोणाला दमा असेल तर हा प्रयोग गच्चीत किंवा उघड्या खिडकीपाशी करावा.

येथे एक बारकावा आहे, जो कळला नाही तर मूल रडकुंडीला येते. काचेवरून उचललेला ठसा आणि पेन्सिल-चिकटपट्टीने थेट बोटावरून घेतलेला ठसा हे एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात. एकात डावीकडे वळणारा शंख दुसऱ्यात उजवीकडे वळलेला दिसतो. म्हणून जुळवणी करायची असेल तर नोंदीच्या चिकटपट्ट्या कागदावर न लावता पारदर्शक प्लॅस्टिकच्या फोल्डरवर लावाव्यात, म्हणजे फोल्डर उलटा करून पाहता येतो. चक्र-शंखांच्या मोजणीला याने काही फरक पडत नाही. हा घोटाळा मुलीला आधी सांगू नका. “हा तर बाबांचाच ठसा असायला हवा, मग जुळत का नाही?” असे तिने विचारले की तिला आरशासमोर उभे करा.

आता आजींचे. त्यांना ठसे आहेत. वयाबरोबर त्वचा कोरडी आणि पातळ होते, वर्षानुवर्षे भांडी, शेतीची अवजारे, चुलीचे काम यांनी रेषांचे वरचे कंगोरे झिजतात, आणि यंत्राला पुरेसा ठळक ठसा मिळत नाही. नक्षी मात्र त्वचेच्या खालच्या थरात शाबूत असते. ती बाळ आईच्या पोटात असतानाच, सहाव्या महिन्याच्या आसपास, घडून पूर्ण होते. अगदी हुबेहूब जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात. आजींच्या हाताला थोडे तेल किंवा मलम लावून, दहा मिनिटे थांबून, जास्तीचे पुसून पेन्सिलीचा प्रयोग करून पाहावा. बहुधा निदान एका-दोन बोटांवर रेषा मिळतील. मग आजीने या हातांनी काय काय केले, ते तिने आजीलाच विचारावे. आणि मावशींच्या बोटांच्या रेषाही अशाच झिजलेल्या असणार, हे तिच्या लक्षात आले तर फारच उत्तम; ते तुम्ही सुचवू नये. रेशनच्या कामापुरते सांगायचे तर ठसा उमटत नसेल तेव्हा डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवण्याची सोय आधारमध्ये आहे, तिची दुकानात चौकशी करावी.

एक नियम पहिल्या दिवसापासून पाळावा: विचारल्याशिवाय कोणाचाही ठसा घ्यायचा नाही, आणि खेळ संपल्यावर प्रत्येकाचा कागद त्याला परत द्यायचा. पाहुण्यांकडे, शेजाऱ्यांकडे, मावशींकडे ठसे मागायचे नाहीत. त्यांनी आपण होऊन “माझाही घे” म्हटले तर आनंदाने घ्यावा.

ठशांचा कंटाळा आला की शाईकडे वळावे. पांढऱ्या खडूवर, खालच्या टोकापासून सुमारे दोन सेंटिमीटर वर, काळ्या स्केचपेनने गोल कडे काढावे आणि खडू अर्धा सेंटिमीटर पाण्यात उभा करावा. पाणी खडूतून वर चढते, शाई सोबत नेते, आणि दहा मिनिटांत काळ्यातून निळा, जांभळा, गुलाबी, कधी पिवळा असे पट्टे वेगळे होतात. काळा रंग एकच नव्हता, हे पाहताना मुलांचे डोळे विस्फारतात. मिखाईल त्स्वेत नावाच्या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी खडूच्याच, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या, भुकटीने भरलेल्या काचनळीतून पानांचे रंगद्रव्य वेगळे केले आणि या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी असे नाव दिले; रशियन भाषेत ‘त्स्वेत’ या शब्दाचाच अर्थ रंग असा आहे, हे तिला सांगायला विसरू नका.

खेळ म्हणून करायचे तर तीन वेगवेगळ्या कंपन्यांची काळी स्केचपेने घ्यावीत आणि त्यांतल्या एकाने टिपकागदावर चिठ्ठी लिहावी. चिठ्ठीची एक पट्टी कापून तिचे टोक पाण्यात बुडवावे, अक्षरे पाण्याच्या वर राहतील असे. तिन्ही पेनांचे ठिपके दिलेल्या पट्ट्या तिच्या शेजारी उभ्या कराव्यात. कोणते पट्टे जुळतात ते पाहिले की पेन सापडते. पेन सापडले, लिहिणारा नव्हे. तुमच्याकडे दोघांजवळ तेच पेन असू शकते. बॉलपेनची शाई पाण्यात विरघळत नाही, तेव्हा ती यासाठी घेऊ नये.

पांढऱ्या पुडींचा खेळ स्वयंपाकघरातला आहे. मीठ, पिठीसाखर, खायचा सोडा आणि मैदा प्रत्येकी चमचाभर चार वाट्यांत, नावे न लिहिता ठेवावे. चव घ्यायची नाही, हा या खेळाचा पहिला नियम. प्रयोगशाळेत कोणी चव घेत नाही, आणि एरवीही अनोळखी पांढरी पूड जिभेला लावायची सवय मुलांना लागू नये. भिंगातून मिठाचे कण बहुतेक चौकोनी पेटीसारखे दिसतात. मैदा पाण्यात विरघळत नाही, दुधट होतो आणि जखमेवर लावायच्या आयोडीनच्या औषधाचा थेंब टाकताच काळानिळा पडतो. सोड्यावर लिंबू पिळले की फसफसते. पिठीसाखर विरघळते आणि बाकी कशालाच दाद देत नाही. मात्र बाजारच्या पिठीसाखरेत कधी कधी मक्याचे पीठ मिसळलेले असते, म्हणून ती घरीच मिक्सरमध्ये करावी, नाहीतर आयोडीनचा रंग पाहून गोंधळ होईल. तिला कळले की एकट्या कसोटीवर भागत नाही, तर तुमचा रविवार सत्कारणी लागला.

सोड्यासाठी आणखी एक कसोटी आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लाल होतो, हे प्रत्येक घरात माहीत असते. हळदीला क्षार लागला की ती तांबडी होते, आणि पारंपरिक कुंकूही हळदीला असाच खार देऊन करतात. चिमूटभर हळद थोड्या सॅनिटायझरमध्ये कालवून टिपकागदाच्या पट्ट्या रंगवून वाळवाव्यात. हे काम तुम्ही करावे आणि गॅसपासून दूर करावे. सोड्याच्या पाण्याने त्या पट्ट्या नारिंगी-तांबूस होतात, साबणाच्या पाण्याने अधिक लाल, आणि लिंबाच्या थेंबाने पुन्हा पिवळ्या. हळदीच्या पट्टीवर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या काडीने लाल अक्षरांत संदेशही लिहिता येतो. पानाचा चुना मात्र या खेळात अजिबात आणू नये. तो डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.

पावलांच्या खुणांचा आपल्याकडचा वारसा मोठा आहे. कच्छच्या रणात माग काढणाऱ्यांना पागी म्हणतात, आणि त्यांच्यातील रणछोडदास पागी यांनी १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत आपल्या सैन्याला दिलेल्या मदतीची गोष्ट सात वर्षांच्या मुलीला कोणत्याही मालिकेपेक्षा अधिक आवडेल. वाळूतील पावलांवरून माणसे किती, ओझे घेऊन गेली की रिकामी, हे ते सांगत. घरी करायला सोपे म्हणजे ओल्या पायाने फरशीवर चालणे: सावकाश चालताना, धावताना आणि पाण्याची बादली घेऊन चालताना दोन पावलांमधले अंतर कसे बदलते ते टेपने मोजावे. मग प्रत्येकाच्या तळपायाच्या लांबीएवढी दोरी कापावी आणि भिंतीवर खूण केलेल्या त्याच माणसाच्या उंचीत ती किती वेळा बसते ते पाहावे. मोठ्या माणसांमध्ये ती साडेसहा वेळा किंवा त्याच्या जवळपास बसते. भागाकार न येणाऱ्या मुलीलाही दोरीने हे जमते, आणि फरशीवरच्या एका पावलावरून माणसाच्या उंचीचा अंदाज बांधता येतो, हा साक्षात्कार तिला स्वतःच्या हाताने होतो. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये पावलाचा साचा करायचा असेल तर दोन वाट्या पूड आणि एक वाटी पाणी हे प्रमाण घ्यावे, कालवण्याचे काम मोठ्यांनीच करावे, ते मातीतल्या ठशातच ओतावे, त्यात हात किंवा पाय कधीही रुतवू देऊ नये. घट्ट होताना ते तापते आणि भाजते. उरलेले प्लास्टर मोरीत ओतू नये.

तुमचे माहेर चिपळूणचे आहे असे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे, त्याचा येथे फार सुंदर उपयोग होईल. पुढच्या वेळी जाल तेव्हा तेथील मूठभर तांबडी माती आणा, आणि सांगलीकडील काळी माती घ्या. दोन्ही काचेच्या बरण्यांत पाणी घालून जोरात हलवाव्यात आणि रात्रभर न हलवता ठेवाव्यात. वाळू तळाला, गाळ त्यावर, चिकणमाती सर्वांत वर असे थर बसतात, आणि दोन्ही बरण्यांतील थर निराळे दिसतात. चिपळूणहून आलेल्या चपलेच्या खाचांतील माती टूथब्रशने पांढऱ्या कागदावर झाडून भिंगाखाली पाहिली की चप्पल कोठून आली हे ती सांगेल. फ्रान्समधील लिऑं शहरात १९१० साली पोलिसांसाठी प्रयोगशाळा उभारणारे एदमाँ लोकार यांचे सारे काम याच विचारावर उभे होते: दोन वस्तूंचा संपर्क आला की दोघींमध्ये काही ना काही देवाणघेवाण होते.

खून आणि प्रेत यांविषयी तुमची काळजी रास्त आहे, पण मुलीने तो शब्द उच्चारला म्हणून दचकू नका. तिने विचारले तर “हो, कधी कधी माणसे माणसांना इजा करतात, आणि खरे काय झाले ते शोधणारी माणसे असतात” एवढे शांतपणे सांगावे, आणि ती थांबली तर तुम्हीही थांबावे. टोमॅटो सॉसचे रक्त, जमिनीवर खडूने काढलेली माणसाची आकृती, झोपून मेल्याचे सोंग, हे प्रकार मात्र तुम्ही आपण होऊन आणू नयेत. तपासविज्ञान म्हणजे केवळ खून नव्हे, हे तिला कामांच्या उदाहरणांनी दाखवावे. मुंबईत कलिना येथे आपल्या राज्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळांचे मुख्यालय आहे, आणि पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांतही प्रयोगशाळा आहेत. अशा प्रयोगशाळांत खोट्या सह्या ओळखणे, आगीचे कारण शोधणे, विषाची तपासणी, डीएनएवरून नाते पटवणे अशी कामे चालतात. ताडोबात वाघ मोजणारे लोक कॅमेऱ्यातील छायाचित्रांवरून पट्टे जुळवतात, कारण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. गाईच्या नाकावरील उंचवट्यांची नक्षीही तशीच ज्याची त्याची असते. आजोबांना मालिका बंद करा असे सांगून त्यांचे मन दुखवू नका. त्यांना या प्रयोगशाळेचे नोंद अधिकारी नेमा, आणि मालिकेच्याच वेळेला काम ठेवा.

सगळे खेळ थोडेथोडे जमले की एक पूर्ण तपास करता येईल, आणि त्यासाठी माझी सूचना अशी की चोरी शोधूच नका. कोणी तरी गुपचूप केलेले चांगले काम शोधा. समजा, बाल्कनीतील तुळशीला रोज पाणी घालायचे काम मुलीचे आहे, आणि एके सकाळी तिच्या आधीच कोणी तरी ते घातलेले आहे. कुंडीजवळ सांडलेल्या मातीत एक पाऊल आहे, काचेच्या पेल्यावर ठसा आहे, टिपकागदावर काळ्या स्केचपेनने “आज तुला सुट्टी” एवढेच लिहिलेले आहे. घरातील ज्यांनी आधी होकार दिला त्यांचीच नावे यादीत असावीत. दोरीने पाऊल मोजायचे, पट्टीने पेन शोधायचे, फोल्डर उलटून ठसा जुळवायचा. अपराध्याऐवजी उपकारकर्ता शोधायचा असल्यामुळे कोणाला मान खाली घालावी लागत नाही, आणि शोध लागला की ती धावत जाऊन त्या माणसाला मिठी मारते. हा बदल लहानसा दिसला तरी मुलांच्या वागण्यात मी त्याचा परिणाम पाहिला आहे.

तपासाची वही अवश्य ठेवावी. तिच्यात तीन रकाने असावेत: ‘काय दिसले’, ‘कशाशी जुळले’ आणि ‘काय सांगता येत नाही’. पाऊल बाबांच्या पावलाएवढे आहे, पण आजोबांचेही जवळजवळ तेवढेच आहे, म्हणून ते तिसऱ्या रकान्यात जाते. पेन जुळले, पण ते पेन सगळ्यांच्या हाताशी असते, म्हणून तेही थोडे तिसऱ्यात जाते. तिसरा रकाना रिकामा असेल तर तपास पुन्हा पाहावा, असा नियमच करावा. कधी तरी एखादा तपास सुटणार नाही अशीच मांडणी मुद्दाम करावी आणि “सांगता येत नाही” असे लिहून वही मिटल्याबद्दल तिचे मनापासून कौतुक करावे. एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटे पुरेत. त्यानंतर या वयात हात शिणतात आणि अंदाज ठोकून देण्याची घाई होते.

किट घेऊ नये, असे माझे मत आहे. वर सांगितलेले जवळजवळ सगळे सामान तुमच्या घरात आहे, आणि किटमध्ये बहुधा बेड्या, बिल्ला आणि ‘संशयित’ असे लिहिलेली कार्डे असतात, म्हणजे तिला ज्यातून बाहेर काढायचे तेच पुन्हा हातात येते. त्या पैशांत एक चांगले भिंग घ्यावे, दहापट मोठे दाखवणारे, घडीचे, सोनारांकडे असते तसे. ती नऊ-दहा वर्षांची झाली आणि आवड टिकली तर मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेला फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक घेता येईल. भिंग हातात देताना एवढे शिकवावे: मुले ते वस्तूजवळ धरून लांबून पाहतात आणि काही दिसत नाही म्हणून टाकून देतात. दहापट भिंग डोळ्याच्या अगदी जवळ धरायचे, आणि वस्तू हळूहळू भिंगाकडे आणायची, स्पष्ट दिसेपर्यंत. प्रकाश वस्तूवर पडेल असे खिडकीकडे तोंड करून बसायचे, आणि भिंगातून सूर्याकडे कधीही पाहायचे नाही. सुरुवात तिच्या स्वतःच्या अंगठ्यापासून करावी. रेषांवर ओळीने बारीक छिद्रे दिसतील, ती घामाची. काचेवर ठसा उमटण्यात तेलकटपणाबरोबर त्या घामाचाही वाटा असतो.